किल्ली मिसेस पोकॉक यांच्याकडे मिळेल

"आता या वेळेला? अहो, माणसानं पीठ मळायचं तरी कधी?"

दार उघडता उघडताच म्युरिअल पोकॉकनं तोफ डागली. दारात एक मध्यमवयीन जोडपं उभं होतं. पाठीला पिशव्या, हातात काठ्या, बुटांना चिखल. नवऱ्यानं घाईघाईनं टोपी काढली.

"माफ करा हं. चर्चच्या दारावर लिहिलंय, किल्ली मिसेस पोकॉक यांच्याकडे मिळेल म्हणून. पण तुम्ही कामात असाल तर आम्ही नंतर..."

"नंतर कशाला? नंतर माझ्या झोपेचं खोबरं करायला? थांबा तिथंच. आणि माझ्या फुलांवर पाय देऊ नका."

तिनं हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला आणि खिळ्यावरची वीतभर लांबीची लोखंडी किल्ली काढली. खरं म्हणजे किल्ली हातात दिली की तिचं काम संपत होतं. पाहुण्यांनी आपलं आपण चर्च बघावं आणि किल्ली आणून द्यावी, अशी अ‍ॅल्डवेल गावची जुनी रीत. पण म्युरिअल नेहमी बरोबर निघायची. "ते कुलूप भारी नखरेल आहे, तुम्हाला नाही जमायचं," असं सांगायची. कुलूप बिचारं गरीब होतं. इतक्या वर्षांत एकदाही अडलं नव्हतं.

आत गेल्यावर तिनं दोघांना थेट उत्तरेच्या भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीचं फिकट लाल चित्र होतं. शेवटच्या न्यायाचा दिवस, कढई, आणि ती ढवळणारा सैतान.

"कढईतले सगळे बघतात. तुम्ही इकडे कोपऱ्यात बघा. ही बाई. हातात काय आहे तिच्या?"

"पेला आहे वाटतं," बायको म्हणाली.

"बियरचं माप. मापात पाप करायची, म्हणून आली इथं. तेवढ्यासाठी कढई म्हणजे जरा जास्तच झालं, असं आमचे रेज म्हणायचे. पण त्यांचा बियरवर जीवच तसा होता."

दोघंही मनापासून हसली. ते हसणं त्या गार दगडी भिंतींत जरा वेळ घुमलं आणि म्युरिअलला आतून ऊब आल्यासारखं वाटलं. मग तिनं त्यांना गावाबाहेरची वाट सांगितली. ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडायचा, कुंपणाची पायरी चढायची, कुरणात बैल दिसेल त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, त्याला दिसतं कमी आणि त्याचा रुबाब जास्त. वर जुन्या तटबंदीची टेकडी. तिथून तीन परगणे दिसतात.

"तुम्ही जात असाल ना नेहमी?" बायकोनं विचारलं.

"मी? मला कुठली सवड! माझ्या मागं कोणी किल्लीला आलं म्हणजे?"

रेज गेल्यापासून ती टेकडीवर गेली नव्हती. रेज तिचा नवरा. गिरणीत होता, आणि एका हिवाळ्यात खोकल्याचं निमित्त होऊन गेला. मुलगी कॅनडात. रविवारी तिचा फोन यायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. बाकी घरात आवाज म्हणजे घड्याळाचा आणि दारावरच्या थापेचा. थाप पडावी म्हणून म्युरिअल सकाळपासून कान देऊन बसायची, आणि पडली की कुरकुरत उठायची. त्या गावात कोणी कोणाला 'बरं झालं आलात, फार एकटं वाटत होतं' असं म्हणत नाही. म्हणणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांचीही पंचाईत होते. त्यापेक्षा कुरकुर सोयीची. तिला वाटायचं, सगळ्यांना ते कळतं.

ते जोडपं टेकडीकडे गेलं आणि संध्याकाळी क्लाइव्ह हक्सटेबल आला. चर्चचा कारभार बघणारा. म्युरिअलनं त्याला चड्डीत असताना पाहिलेला, त्यामुळे त्याला टक्कल पडलं तरी तिच्या लेखी तो पोरच. आज त्याच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ होता आणि चेहरा नुसता फुलला होता.

"काय रे, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, म्युरिअल. आनंदाची बातमी आहे. बसा आधी."

"माझ्याच घरात मला बसायला सांगतोस?"

"समितीनं ठरवलंय. चर्चला आपोआप चालणारं कुलूप बसवायचं. सकाळी उघडणार, संध्याकाळी बंद होणार. सोमवारपासून तुमच्यामागची कटकट संपली." तो खुर्चीवर पुढं सरकला. "खरं सांगू? लाज वाटायची आम्हाला. तुम्ही किती वेळा म्हणालात, 'मेले जेवायलासुद्धा बसू देत नाहीत.' मागच्या महिन्यात पोस्टात सगळ्यांसमोर म्हणालात, 'या किल्लीपायी एक दिवस मरेन मी.' मीच बैठकीत विषय काढला. म्हटलं, बास आता. या बाईनं किती सोसायचं?"

अरे, ते तसं नव्हतं रे, हे शब्द म्युरिअलच्या अगदी जिभेवर आले. नुसतं तेवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. क्लाइव्ह स्वभावानं चांगला होता, त्यानं उद्याच्या उद्या सगळं फिरवलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. कसं होतं ते सांगावं लागलं असतं, आणि तेही अशा फुलल्या चेहऱ्यानं बघणाऱ्या पोरासमोर.

"सुटले रे बाबा," ती म्हणाली. "एकदाची सुटले."

"बघा! मी म्हटलंच होतं त्यांना!"

त्यानं जाताना किल्ली नेली. फुलं बरणीत ठेवताना म्युरिअलच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आपलीच जीभ चावून तुकडा पाडावा इतका तिला स्वतःचा राग आला.

सोमवारपासून लोक तिच्या खिडकीवरून सरळ पुढं जाऊ लागले. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्याला चांगलीच वर्दळ. पिशव्यावाले, कुत्रेवाले, नकाशे उघडून भांडणारी नवराबायको. ती पडद्यामागं उभी राहून बघायची. तिच्या हिरव्या दाराकडे कोणी मान वळवत नव्हतं. पोस्टातली ग्लॅडिस म्हणाली, "आता काय म्युरिअल, महाराणीसारखं बसून खायचं!" आणि म्युरिअल म्हणाली, "बसते तर काय. पाय वर करून बसते." घर खायला उठतं, हे काही ती ग्लॅडिसला सांगू शकली नाही.

एकदा तिला राहवलं नाही. ती चर्चमध्ये जाऊन बसली. एक कुटुंब चित्राकडे बघत उभं होतं. ती मागून जवळ गेली.

"कढईतले सगळे बघतात, पण त्या कोपऱ्यात..."

"हो हो, मापवाली," बाप हसून, अगदी सभ्यपणे म्हणाला. "वाचलं आम्ही. इथं फलक लावलाय ना." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तुम्हीही बाहेरगावाहून आलात का?"

"हो," म्युरिअल म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पावाचे दोन काप आणि चीज रुमालात बांधून ती निघाली. घरी थांबण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं. दगडी पूल ओलांडला. कुंपणाच्या पायरीवर गुडघ्यानं तक्रार केली, तिकडे तिनं काणाडोळा केला. बैलाच्या जागी एक काळी गाय होती. म्हणजे किती दिवस ती लोकांना खोटंच सांगत होती कोण जाणे. टेकडीवर वारा भन्नाट होता. तटबंदीच्या गवती बांधावर मेंढ्या चरत होत्या आणि खाली तीन परगणे उन्हात पसरले होते. ते बघून 'अहा' म्हणावं असं तिला वाटलं. पण एकट्यानं म्हणायचं तरी कोणाला? पाव खाल्ला, त्याच्या कडा मेंढ्यांना घातल्या, आणि आल्या वाटेनं परत जायचं जिवावर आलं म्हणून ती पलीकडच्या उतारानं खाली उतरली.

खाली लिंचम. आठदहा घरं, एक हातपंप आणि एक ठेंगणं चर्च. इतक्या जवळ असून ते तिनं कधी आतून पाहिलं नव्हतं. दाराला कुलूप होतं. शेजारी ऊन खाऊन पिवळा पडलेला कागद. किल्ली मि. ट्रबशॉ यांच्याकडे, पंपासमोरचं घर.

दुसऱ्याच्या दारात किल्लीसाठी उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. उगीचच तिनं केस सारखे केले, बूट पुसले. मग कडी वाजवली.

आत लगेच खुर्ची सरकली. पावलं तर इतक्या झटपट आली की माणूस दाराशीच बसला होता की काय, असं वाटावं. दार उघडलं. उंच, वाकलेला म्हातारा, गळ्यात जेवणाचा रुमाल, कपाळावर आठ्यांचं जाळं.

"झालं! जेवतानासुद्धा सुख नाही! दिवसभर तेच. हा येतो, किल्ली द्या. ती येते, किल्ली द्या. मी काय नोकर आहे का गावाचा?"

त्याच्या मागं टेबल दिसत होतं. टेबलावर वर्तमानपत्र होतं आणि चष्मा. ताट नव्हतं, वाटी नव्हती, आणि रांधल्याचा वासही कुठं नव्हता.

"असं म्हणू नका," म्युरिअल म्हणाली.

"काय?"

"कुरकुर करू नका. माझ्याजवळ केलीत ते ठीक आहे. पण गावात करू नका, चर्चच्या लोकांसमोर तर मुळीच नको. त्यांना ते खरं वाटतं हो."

म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोण तुम्ही?"

"मी पलीकडची, अ‍ॅल्डवेलची. तिथली किल्ली माझ्याकडे असायची."

"असायची?"

"आता दार आपोआप उघडतं."

गळ्यातला रुमाल त्यानं काढला, सावकाश घडी घातली आणि खिशात ठेवला. मग आत जाऊन किल्ली घेऊन आला आणि तिच्या हातावर ठेवली. आठ्या तशाच होत्या. म्युरिअलनं आभार मानले आणि ती निघाली.

ती पंपापर्यंत पोचली असेल, तोच मागून हाक आली.

"अहो बाई!"

तिनं वळून पाहिलं. तो उंबऱ्यात उभा होता, एक हात चौकटीवर, आणि तिच्याकडे न बघता कुठंतरी रस्त्याकडे बघत होता.

"सावकाश बघा," तो म्हणाला. "घाई नाही. मी घरीच असतो."