बाबांच्या कानांचं माप

आमच्या बाबांना माणसाचं नाव लक्षात राहत नाही, कान राहतो. दारात कोणी आलं की ते आधी बाजूने बघतात. आत्या म्हणते, "अरे, मी इकडे आहे, समोर." त्यावर बाबा, "तुझी वरची कड अजून तशीच आत वळलेली आहे गं," आणि मग कुठे बस म्हणणार.

धंदाच आमचा कानांचा आहे. हेडफोनवर ऐकायच्या कथा आम्ही तयार करतो. त्यात पावलं मागून येतात, दार शेजारी वाजतं, विमान डोक्यावरून जातं. पण हे सगळं जागच्या जागी ऐकू यायचं तर ऐकणाऱ्याच्या कानांचं माप लागतं. कानाच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि आवाज पुढून आला की मागून, हे आपल्याला बरंचसं त्या वळ्यांमुळे कळतं. दुसऱ्याच्या मापाची फाइल लावली तर समोरचा माणूस मानगुटीवर येऊन बोलतो. एकदा आईला चुकून आत्याची फाइल लागली. कथेतला डॉक्टर तिच्या पाठीमागे जाऊन तपासायला लागला. आई म्हणाली, "नणंदेच्या कानांनी ऐकल्यावर दुसरं काय होणार?"

माप घ्यायचं काम माझं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्यात, मधे न्हाव्याकडून आणलेली जुनी फिरती खुर्ची आणि तिच्याभोवती लोखंडी कड्यावर नऊ स्पीकर. कानात वाटाण्याएवढे माइक घालून माणसाने पाऊण तास गप्प बसायचं. स्पीकर एकेक करून शीळ घालतात आणि मी खुर्ची खडूच्या खुणांवर फिरवत जाते. आत्याला आठ वेळा बसवावं लागलं, कारण गप्प बसण्याचा तिला अनुभव नाही.

कथेतले आवाज जागेवर बसवायचं काम बाबांचं. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ते खरंही होतं. दोन वर्षांपूर्वी प्रकाशकाकडून एक कथा परत आली. सगळं डावीकडे झुकलंय म्हणे. मी रागारागाने ती उघडली, तर खरंच झुकलं होतं. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं, म्हणून ते नकळत डावी बाजू वाढवत होते. मी ब्र काढला नाही. त्या दिवसापासून बाबा जेवायला उठले की मी त्यांचं काम सरळ करायची आणि पाठवून द्यायची. अशा तेवीस कथा झाल्या.

मग प्रकाशकाचं पत्र आलं. यापुढे आवाज बसवणाऱ्याने घरच्या घरी चाचणी देऊन आकडा कळवायचा. स्वतःच्या कानांचं ताजं माप लावून हेडफोनवर आवाज ऐकायचा आणि तो कुठून आला ते हाताने दाखवायचं. बारापैकी नऊ बरोबर आले तर ठीक, नाहीतर ते काम प्रकाशक स्वतःकडे घेणार. सरळ सांगायचं तर बाबांना घरी बसवणार.

"माप घे," बाबा म्हणाले. "चाचणी बघू नंतर."

माप त्यांनी अगदी शहाण्या मुलासारखं दिलं. त्यात धोका नव्हताच. माइकला कानाची घडण कळते, आतल्या माणसाला किती ऐकू येतं ते कळत नाही. चाचणीचं मात्र रोज काहीतरी निघायचं. कधी पडसं, कधी वायर तपासायची आहे, कधी खुर्ची करकरते. शुक्रवारी मी वैतागले आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवलेच.

पहिला आवाज डावीकडून होता. बाबांनी समोर हात केला. दुसरा समोरून होता, त्यांनी उजवीकडे दाखवलं. बारापैकी चार बरोबर आले. मी आकडा वहीत लिहिलाच नाही, पेन घेऊन नुसती बसून राहिले.

आई दारात उभी होती. "आठ वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. "रस्त्यात मी काय उगाच यांच्या उजवीकडून चालते?"

"तुला माहीत होतं?" बाबा.

"तुम्हाला माहीत होतं?" मी.

"माझाच कान आहे," बाबा म्हणाले. "मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

घरात माणसं तीन, गुपित एकच, आणि तिघांनीही ते एकमेकांपासून जपलेलं. मला हसूच आलं, आणि हसता हसता मी तेवीस कथांचंही सांगून टाकलं. मग हसू गेलं. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची वायर बोटाला गुंडाळत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

सोमवारी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान कुठल्या सुरांना किती कमी पडतो तो तक्ता आणला आणि त्यांच्या मापाच्या फाइलमध्ये तेवढी भर घातली. दोन दिवस लागले. हे प्रकाशकाला चालेल का, अशी मला धाकधूक होती. आई म्हणाली, "चष्मा लावून वाचणाऱ्याला कोणी नापास करतं का? लिही तसंच खरंखरं." लिहिलं. पुन्हा चाचणी घेतली, बारापैकी दहा आले. प्रकाशकाचं उत्तर एका ओळीचं होतं: हरकत नाही. माझा जीव भांड्यात पडला.

बाबांनी मात्र आनंद वगैरे काही दाखवला नाही. "आता त्या तेवीस दे," म्हणाले. "माझ्याही आणि तुझ्याही."

तीन दिवस ते नव्या फाइलने ऐकत होते. मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी हाक आली.

"बावीस तू चांगल्या केल्यास," बाबा म्हणाले. "माझ्या खरंच वाकड्या होत्या. ऐकताना लाज वाटली मला. पण अकरावी ऐक. माझी ऐक, तुझी नको."

अकरावी मला आठवत होती. म्हातारं जोडपं, आणि सगळी कथा नवऱ्याच्या कानांनी ऐकलेली. त्यात तर बाबांचं फारच बिघडलं होतं. बायकोचा आवाज प्रत्येक प्रसंगात आणखी डावीकडे सरकलेला, आणखी पातळ झालेला. कान झपाट्याने जातोय, असं वाटून त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. मग तिचा आवाज आणून मधोमध बसवला होता.

माझ्या मापाची फाइल लावून मी ऐकायला बसले. पहिल्या प्रसंगात बाई अगदी जवळ, डाव्या खांद्याशी होती. नवरा तिच्याशी बोलत होता. पुढच्या प्रसंगात ती हातभर लांब गेली. मग खोलीच्या टोकाला. तिचे शब्द कळेनासे झाले तरी नवरा हो हो म्हणत राहिला. शेवटी डावीकडे नुसती काहीतरी हालचाल उरली, आणि तो त्या बाजूला तोंड करून म्हणाला, "तू इकडून, उजवीकडून ये ना."

बाकीचे सगळे आवाज तिरके होते. हा एकच तिरका नव्हता; चुकून डावी बाजू वाढली असती तर तो मोठा झाला असता, हा पातळ होत गेला होता.

"हे मुद्दाम होतं," मी म्हणाले.

"पडद्यावरचे आकडे बघून बसवलं होतं. ऐकू कुठे येत होतं?" बाबा म्हणाले. "तोंडाने सांगायला जमेना. म्हटलं, तू ऐकशील आणि तुला कळेल. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, कळलं असेल आणि कानाडोळा केला असेल. तेही मायेनेच."

मी त्यांच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांनीही मान हलवली नाही.

दुपारी मी प्रकाशकाला पत्र लिहिलं. अकराव्या कथेची बाबांची मूळ प्रत सोबत जोडली आहे, बाकीचे आवाज त्यांनी स्वतः सरळ केले आहेत, कृपया तीच लावावी. आधीच्या प्रतीत बाईचा आवाज मी न विचारता जवळ आणला होता.