अंड्याच्या बलकाचा रंग

घर रंगवून एमिल हुडाकला काय मिळणार, याचा हिशेब आमच्या गल्लीनं त्यानं शिडी टेकवली त्याच सकाळी मांडला आणि साफ चुकवला. समोरचा चेस्टर म्हणाला, म्हातारा घर विकायला काढतोय. कोपऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, मुलीच्या नावावर करण्याआधी किंमत वाढवून घेतोय. मी काही म्हणाले नाही. मी त्याच्या अलीकडच्या घरातली शेजारीण. मला खरं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून गप्प बसण्याची मजा या वयात कोण सोडतं?

एमिल अजून शिडीवर चढलाच नव्हता. हातात लांब दांड्याचा ब्रश, पायाशी साबणाच्या पाण्याची बादली, आणि भिंत तो खालून वर धूत निघाला होता.

"उलटं काय धुतोस रे?" चेस्टर रस्त्यापलीकडून ओरडला. "जगात पाणी वरून खाली येतं!"

"म्हणूनच. कोरड्या पत्र्यावर घाण ओघळली की तिचे पट्टे राहतात."

"पण धुतोस कशाला? तो विकणारा काय सांगून गेला होता, जन्मात रंगवावं लागणार नाही!"

"त्याच्या जन्मात म्हणाला असेल," एमिल म्हणाला. "गेला तो."

त्या विकणाऱ्याला आमच्या पार्मा गावातली म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. मुलं लहान होती तेव्हाची गोष्ट. टोपी घालून, नमुन्याच्या पट्ट्यांची पेटी घेऊन तो प्रत्येक घरी आला आणि प्रत्येक घरच्या बाईला एकटीला गाठून म्हणाला, "बाई, तुमचंच घर मी नमुना म्हणून निवडलंय. लोक ते बघून घेतील, म्हणून तुम्हाला खास भाव. मात्र शेजारी बोलू नका." कोणता रंग शोभेल हेही तोच सांगायचा, पुदिन्यासारखा हिरवा. आम्ही एकीनंही तोंड उघडलं नाही. उन्हाळा संपला तेव्हा सगळ्या गल्लीच्या लाकडी भिंती ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांखाली गेल्या होत्या आणि सगळी गल्ली हिरवीगार झाली होती. इथली प्रत्येक म्हातारी आजही मनातून समजते, की नमुन्याचं घर तिचं आणि बाकीच्यांनी नक्कल केली. खरं तर नमुन्याचं घर माझं होतं, पण ते असो.

पुढे उन्हानं सगळ्यांना एकाच मापानं मोजलं. घरं काकडीच्या गरासारखी फिकी पडली. हात लावला की पांढरी भुकटी लागायची; पोरं भिंतीला टेकली की पाठीवर खडू फासल्यासारखी घरी जायची. बिल्डर एक, नकाशा एक, पायऱ्या तितक्याच, आणि आता रंगही एक.

चांगले डोळे असणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. एमिलच्या बायकोला, व्हेरोनाला, पडला.

तिच्या डोळ्यांत मधोमध डाग धरला होता. समोरचं माणूस बघायला गेलं की त्याचा चेहरा गायब, कान तेवढे दिसायचे. डॉक्टर म्हणाले होते, आंधळी होणार नाहीस, पण याहून बरंही दिसणार नाही. दर शुक्रवारी ती चर्चच्या तळघरात पिरोही करायला जायची. बटाट्याचं सारण भरून करंजीसारखी कड दाबायची, आणि त्याला तिला डोळे लागत नव्हते, बोटं पुरत होती. "पण या बायकांना कळलं ना," ती मला म्हणाली होती, "तर उकळत्या भांड्यांजवळ मला उभी करायच्या नाहीत. खुर्चीवर बसवून चहा देतील. त्यापेक्षा मेलेलं बरं." म्हणून ते एमिलला, मला आणि मुलीला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

परत येताना ती घरं मोजत यायची. वाटेत कुणी हाक मारली की आकडा सुटायचा.

ईस्टरच्या आधी एका शुक्रवारी मी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. दार ढकलून व्हेरोना आत आली. कोट काढून खुंटीला लावला, शेगडीवरचं झाकण उचललं, चमचाभर सूप तोंडात घातलं.

"एमिल, आज मीठ बरोबर पडलंय. मार्गिताला विचारून आलास की काय?"

"विचारायला कशाला हवं," मी म्हणाले, "मार्गिताचंच आहे ते."

ती चमचा धरून तशीच उभी राहिली. मग खुर्ची चाचपून बसली आणि इतकी हसली की टोपी तिरकी झाली.

"मग वाढ की एक वाटी. चोरीच करायची तर पोटभर."

त्यानंतर ती अधूनमधून अशी चुकायची. आम्ही जेवायचो, मग कुंपणाच्या फटीतून मी तिला घरी सोडून यायची. माझा योझेफ गेल्यापासून माझ्या टेबलावर दुसरी वाटी नव्हती. त्या चुकीची तक्रार मी कुणाकडे करणार?

मे महिन्यात मात्र आकडा पुढच्या बाजूला चुकला. ती स्वतःचं घर ओलांडून पलीकडच्या नव्या जोडप्याकडे शिरली. कोट खुंटीला लावला. त्यांच्याकडे खुंटी नव्हतीच, म्हणून तो जमिनीवर पडला. आंघोळ करून बाहेर आलेल्या त्या पोरीनं किंकाळी फोडली, आणि व्हेरोनाला शेजारच्या घरी पोहोचवायला पोलिसांची गाडी आली. गल्लीला एमिलनं सांगितलं, चक्कर आली होती.

रविवारी मुलगी आली. डोलोरेस गुणी आहे, तीन तास गाडी हाकत येते, पण एकदा ठरवलं की आईसारखीच.

"पपा, आणखी एकदा असं झालं ना, तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन. माझ्या घराजवळ फ्लॅट बघून ठेवलाय. जिना नाही, काही नाही. तेता मार्गिता, मावशी म्हणून तुम्हीच सांगा ना यांना."

"मी काय सांगू? मी पडले शेजारीण."

व्हेरोना खिडकीपाशी बसली होती. "तिथे पिरोही कोण करतं?" तिनं विचारलं.

"ममा, तिथे दुकानात मिळतात."

मग एमिल म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत थांब."

"सप्टेंबरला काय होणार आहे?"

"रंग वाळेल."

भिंती धुवून झाल्या. उघड्या पडलेल्या पत्र्यावर त्यानं अस्तराचा हात दिला. गारांचे पोचे राहू दिले, डोलोरेसच्या चेंडूचा जुना पोचाही राहू दिला. मग एका सकाळी पश्चिमेच्या भिंतीला सावली होती तेव्हा त्यानं डबा उघडला, आणि चेस्टर कॉफीचा कप घेऊन रस्ता ओलांडून आला.

"जिझस, मेरी, जोसेफ! हे काय?"

पिवळा. लोण्याचा नाही, मक्याचा नाही. गावरान अंडं फोडलं की बलक जसा डोळ्यात भरतो, तसा पिवळा.

"दुकानात मिसळताना चुकला म्हणे," एमिल ब्रश बुडवत म्हणाला. "कुणी घेईना. मला अर्ध्या भावात दिला."

"अर्ध्या भावात तुला शवपेटी मिळाली तर आत जाऊन पडशील का रे?"

"माप बघेन आधी."

गल्लीनं आठवडाभर चैन केली. सावलीच्या मागं एमिल घराभोवती फिरत होता, सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला, कारण तापल्या पत्र्यावर रंग ओढला जात नाही. आणि जो येईल तो एक टोमणा ठेवून जात होता. मीठ आणू का? बेकन कुठाय? पाद्रीसुद्धा गाडी थांबवून म्हणाले, "एमिल, काटकसर हा सद्गुण आहे, पण त्यालाही मर्यादा आहे." ज्या माणसानं आयुष्यात कधी घासाघीस केली नाही, लग्नाच्या अंगठीचा भाव ऐकून जो "आणखी चांगली नाही का?" म्हणाला होता, तो हे सगळं मान खाली घालून ऐकत होता.

घोटाळा झाला तो वेगळाच. घर पुरं झालं आणि चांगलं दिसायला लागलं. उन्हं कलली की पत्रा आतून दिवा लावल्यासारखा उजळायचा. शनिवारी चेस्टर हाताची घडी घालून त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी हातातलं काम टाकून कुंपणाशी गेले.

"एमिल, उरलाय का रे डबा?"

"नाही."

"तिथे पायरीखाली दोन दिसतायत."

"ते मला लागतील."

"कंजूष तो कंजूषच! बरं, मी दुकानातच जातो. चुकलेला माल त्यांच्याकडे अजून पडला असेल."

चेस्टरनं रंगवलं की महिन्याभरात कोपऱ्यापर्यंत सगळे रंगवणार. आम्ही एकदा हिरवे झालो होतो, तसे आता पिवळे व्हायला कितीसा वेळ? एमिल शिडी धरून उभा होता. त्याचं तोंड मला नीट दिसत होतं. आपलं घर एकटंच वेगळं दिसावं, तेवढ्यासाठी त्यानं सगळा उन्हाळा घातला होता.

तासाभरानं चेस्टर रिकाम्या हातानं परत आला, तो सरळ माझ्या दारात.

"मार्गिता, दुकानदार म्हणतो चूकबीक काही झाली नाही. म्हणे, म्हातारा बायकोला घेऊन आला होता, पूर्ण पैसे मोजून गेला. मग हा खोटं का बोलतोय? स्वतःची अब्रू घालवून?"

"बस आधी," मी म्हणाले. मग व्हेरोनाच्या डोळ्यांचं सांगितलं. गप्प बसण्याची माझी मजा तिथे संपली.

चेस्टरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. बाहेर जाऊन तो रस्त्याच्या मधोमध थांबला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "एमिल! माल संपला म्हणे! तुझ्यासारखा मूर्ख त्यांना पुन्हा मिळायचा नाही!" पुढच्या आठवड्यात त्यानं आपलं घर रंगवलं, पुदिन्याच्या हिरव्या रंगात, ताज्या. मग काय, कोपऱ्यापर्यंत सगळ्यांनी तोच लावला आणि दुकानातला हिरवा संपत आला.

त्या शुक्रवारी तळघरात मी व्हेरोनाच्या शेजारी कडा दाबत होते.

"तुला सांगितलंय का त्यानं, दुकानात चूक झाली म्हणून?" मी हळूच विचारलं.

"सांगितलंय. आणि मी मानलंय." तिनं पिठाची टिकली तळहातावर घेतली. "दुकानात त्यानं रंगांची कार्डं लांब टेबलावर मांडली. म्हणे, व्हेरोना, कुठला आवडतो? मी प्रत्येकाला म्हणत होते, कुठाय? एकाच्या वेळी म्हणाले, शी, हा किती वाईट आहे! त्यानं तोच घेतला."

"मग त्याला बोलली का नाहीस?"

"एवढं मनापासून खोटं बोलतोय बिचारा. मला हिरवाच आवडायचा गं. पण हिरवं घर मला सापडत नाही, त्याला कोण काय करणार?"

सप्टेंबरात डोलोरेस आली आणि माझ्या ओसरीवर बसली. एमिलला तिनं घरात राहायला बजावलं होतं. हाक मारायची नाही. व्हेरोना कोपऱ्यावर दिसली. समोरून चेस्टरनं मुद्दाम की सवयीनं कोण जाणे, हाक मारली, "काय व्हेरोना, किती केल्या आज?" डोलोरेसनं माझं मनगट धरलं. व्हेरोना थांबली, त्याला उत्तर दिलं, मान जराशी तिरकी केली, कडेनं दिसतं तशी. माझ्या पायऱ्यांवरून पुढे गेली. पिवळ्यापाशी वळली आणि दार उघडून आत गेली.

"फ्लॅटवाल्याला कळवते," डोलोरेस म्हणाली आणि बराच वेळ नाक पुसत बसली.

आता या रंगाचं मोल कुणी काय भरलं ते सांगते. डोलोरेसनं भरले ते गाडीच्या पेट्रोलचे पैसे, ते ती आधीही भरत होती. चेस्टरला हसायला विषय मिळाला आणि त्यासाठी त्याला घर रंगवावं लागलं. एमिलनं नाव घालवलं. चर्चच्या बाजारात लोक अजून त्याला पोचे पडलेले डबे आणून देतात, "अर्ध्या भावात हं," आणि तो आभार मानून घेतो. व्हेरोनानं तिचा हिरवा रंग दिला.

माझं घर मी अजून रंगवलेलं नाही. शुक्रवारी सूप मात्र जुन्याच मापानं करते, दोघींपुरतं. गेल्या शुक्रवारी मी शेगडीपाशी होते, तेव्हा दारावर टकटक झाली. उघडलं तर व्हेरोना.

"पिवळ्याच्या अलीकडचं म्हणजे तुझंच ना?" ती म्हणाली. "येऊ का आत?"

एवढ्या वर्षांत तिनं माझं दार कधी वाजवलं नव्हतं. आधाराला भिंतीला टेकवलेला तिचा तळवा भुकटीनं पांढरा झाला होता. मी तो माझ्या एप्रनला पुसला आणि तिला खुर्चीपर्यंत नेलं. सूप दोन वाट्या वाढलं. कोट तिनं पाहुणीसारखा अंगातच ठेवला होता.