एकच पेला

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाला दोन पेले असायचे. चांदीचा पुढच्या बाकांवरच्या आम्हा गोऱ्यांसाठी आणि पत्र्याचा मागच्या बाकावरच्या काळ्या लोकांसाठी. नियम म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. माझा नवरा पाळक. आल्या दिवसापासून त्याला ते खुपत होतं. एका रविवारी त्याने वेदीवरून सांगून टाकलं, पुढच्या वेळी पेला एकच. दोन दिवसांत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीट आत आली.

"तुझ्या भक्तीला कोपरापासून नमस्कार," मी म्हटलं, "पण काचा मला गोळा कराव्या लागतात."

शनिवारी बसड्रायव्हरची बायको मागच्या दाराने आली. मागच्या बाकावर नवरा आणि लेकीबरोबर बसणारी.

"ताई, साहेबांना समजवा. उपासना संपली की तुम्ही शेजारच्या दारात. आम्हाला पोरीला घेऊन वखारीवरून जायचं असतं."

वखारवाला आमच्या पहिल्या बाकावरचा. वीट कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

"मग उद्या येणार नाही?"

"येणार तर! चर्च आमचं नाही का?"

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मग तो पत्र्याचा पेला परत काढू?" मला हो म्हणायचं होतं, देवाशपथ. पण मी उठून चांदीचाच पेला घासायला घेतला.

रविवारी वेदीवर एकच पेला होता. "ज्याला यायचं त्याने यावं," नवरा म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. मग मागून पावलं वाजली. ड्रायव्हरची बायको एकटीच पुढे आली, प्यायली. नवऱ्याने नेहमीसारखी पेल्याची कड फडक्याने पुसली आणि पेला पुढे धरला.

वखारवाला उठला आणि सरळ बाहेर गेला. त्याच्यामागे अर्धी मंडळी. उरलेले बाकाला खिळल्यासारखे. खिडकीतून दिसत होतं, फाटकाशी त्याची माणसं जमत होती. नवऱ्याचा पुढे केलेला हात तसाच होता, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

मी उठले. पेला तोंडाला लावताना थोडा द्राक्षरस झग्यावर सांडला.

"हात थरथरतायत तुमचे," शेजारी उभी ड्रायव्हरची बायको हळूच म्हणाली.

"तुमचे नाहीत?"

"माझे रोजच थरथरतात."

उपासना संपल्यावर ती लेकीचा हात धरून, आपल्या नवऱ्याबरोबर पायऱ्या उतरली. आमच्या घराचं दार दहा पावलांवर उघडं होतं. मी तिकडे वळले नाही. पोरीचा दुसरा हात धरला. फाटकातून बाहेर पडताना माणसांची कुजबुज थांबली. एकाने खाली वाकून दगड उचलला. तो आता आमच्यापैकी कुणालाही लागू शकत होता.

"ताई, घरी जा," ती म्हणाली.

"घरीच चाललेय," मी म्हटलं, "तुमच्या." आणि वखारीच्या रस्त्याला लागले.