हलक्या डब्यातल्या पाच जड गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे आणि आधीच कबूल करतो, भित्रा आहे. माझ्या पारड्यात बंदुकीची दारू तोलतात. दारू चिमूटभर जास्त झाली तर माणसाचं काय होईल, हे ज्याला रोज दिसतं त्याने भिऊ नये तर काय नाचावं?

ओतीव लोखंडाची बैठक, पितळी दांडी, दांडीवरच्या खाचांत सरकणारं वजन आणि टोकाशी एक बारीक रेघ, एवढाच माझा देह. माझा मालक आर्विड टॉलेफसन तीस वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या बायकोने, थेल्माने, मला टपालाने मागवून घेतलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या मोंटानात, त्यांच्या गुराढोरांच्या रँचवरच्या तळघरात, एका लाकडी बाकावर माझा मुक्काम आहे. आर्विड आपली काडतुसं आपणच भरतो. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मी तोललेली दारू ओतायची आणि वर गोळी दाबायची.

यात हौस होती, पण नुसती हौस नव्हती. त्यांच्या लसूणघासाच्या कुरणाची गोफरांनी पार चाळण केली होती. गोफर म्हणजे खारीएवढा, बिळात राहणारा खट्याळ प्राणी. अशाच एका बिळात पाय जाऊन थेल्माच्या लाडक्या घोडीचा पाय मोडला, आणि थेल्माला स्वतःच्या हाताने तिला गोळी घालावी लागली. त्या वर्षापासून दर वसंतात थेल्मा बंदूक घेऊन कुरणात जाते. नेम तिचा आणि भरणी आर्विडची.

गोळी निवडण्यात मात्र आर्विडचा हात कोणी धरू शकत नसे. त्या छोट्या बंदुकीच्या नळीतला, गोळीला गरगर फिरवणारा पीळ सैल, तिला हलकीच गोळी मानवते. शिवाय कुरणामागच्या टेकाडापलीकडून शाळेची बस जाते. जाड कवचाची जड गोळी दगडावर आपटली की उसळून कुठेही जाईल. चाळीस ग्रेनची (ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज), पातळ कवचाची गोळी मातीला टेकली की तिथल्या तिथे तिचा भुगा होतो. म्हणून आमच्या बाकावर फक्त चाळीसच्याच गोळ्या असत. आता, हलक्या गोळीमागे दारू जरा जास्त चालते. पण तेवढीच दारू जड गोळीमागे घातली तर आतला दाब इतका वाढतो की बंदूक मागून फुटू शकते. आणि मागे नेम धरणाऱ्याचा गाल टेकलेला असतो. मी हे कधी विसरलो नाही, मित्रांनो, म्हणून तर माझी दांडी सारखी थरथरते.

पूर्वी आर्विड दारूच्या आधी डब्यातल्या चार-दोन गोळ्या माझ्यावर ठेवून बघायचा. मी रेघेवर थांबलो की खूश होऊन माझ्या बैठकीवर टिचकी मारायचा. पुढे त्याचे डोळे अधू झाले. चष्म्याचं नाव काढलं की तो चिडे. माझी रेघ नीट दिसेना, तेव्हा गोळ्या तोलणं त्याने सोडूनच दिलं. म्हणे, डबा माझाच आहे, त्यात काय बघायचं!

त्या रविवारी चर्चहून परतताना शेजारचा ड्वेन खाली तळघरात आला. खिशातून त्याने पाच गोळ्या काढल्या, पंचावन्न ग्रेनच्या. "घे रे, ह्या वाऱ्याला भीत नाहीत. तुझ्या त्या चाळीसच्या म्हणजे नुसता कोंडा," तो म्हणाला.

आमच्याकडे शेजाऱ्याने दिलेलं परत करत नाहीत, ते फार लागतं माणसाला. आर्विडने आभार मानून त्या एका झाकणात ठेवल्या. काडतुसं भरताना पूर्वी तो कोणाला शेजारी बसू देत नसे, पण ड्वेनला जा कसं म्हणणार? ड्वेन पावसाविषयी बोलत राहिला, आर्विड हं हं करत राहिला. बाकावर सुटी गोळी राहू द्यायची नाही, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. बोलता बोलता त्याने ते झाकण उचललं आणि चाळीसच्या डब्यात रिकामं केलं.

जाडी तीच, रंग तोच, लांबीत जरासा फरक, आणि तो त्याला दिसत नव्हता. मी दोन हातांवर होतो, पण मला तोंड कुठे आहे? त्याने पन्नास काडतुसं भरली. दाबल्यावर सगळी सारखीच उंच दिसू लागली. जड गोळी आत थोडी जास्त रुतते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्मा ती घेऊन गेली. लांबून बार ऐकू येत होते. प्रत्येक बाराला माझी दांडी शहारत होती. एक, दोन, तीन... नऊ. मग दहावा, वेगळाच, कोरडा आणि मोठा. त्यानंतर काहीच नाही. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली.

शेवटी जिन्यावर बूट वाजले. थेल्मा उभी होती, धडधाकट, पण ओठ पांढरे पडलेले. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, अडकला होता, तळव्याने ठोकून उघडावा लागला होता. तिने रिकामी पुंगळी बाकावर ठेवली. बुडाची टोपी पार चपटी झाली होती, आत दाब फार झाल्याची खूण.

आर्विडने दारू तपासली. बरोबर होती. तो म्हणाला, पुंगळीच जुनी असेल.

"मग गोळी तोल," थेल्मा म्हणाली.

"गोळ्या चाळीसच्याच आहेत. मी काय आंधळा आहे?"

तिने ती चपटी पुंगळी त्याच्यापुढे सरकवली. आर्विडची नजर त्या रिकाम्या झाकणावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. "ड्वेनने पाच दिल्या होत्या," तो हळूच म्हणाला.

मग उरलेली काडतुसं एकेक करून माझ्यावर आली. थेल्मा वाचत होती, कारण त्याला रेघ दिसत नव्हती आणि आता त्याने ते लपवलंही नाही. बरीचशी थोड्याफार फरकाने एकसारख्याच वजनाची भरली. तीन मात्र धप्पकन खाली बसली. उडालेली एक धरून चार. डबा संपला. पाचवी कुठे?

थेल्माने कोटाच्या खिशात हात घातला. पुढच्या बारासाठी काढून ठेवलेलं एक काडतूस होतं. बोल्ट सहज उघडला असता तर आत हेच गेलं असतं. तिने ते पारड्यात ठेवलं. माझी दांडी तळाला टेकली.

आर्विड स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. थेल्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं, कुरकुरं माप असेल. त्याला धुळीत टाकू नका. ज्याची खात्री आहे, तेच आधी त्याच्यावर ठेवून बघा. आणि दिसेनासं झालं तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही.

आर्विडने पुढे चष्मा केला. तरीही काडतुसं भरायला बसताना तो जिन्यातून हाक मारतो. थेल्मा पिठाचे हात पुसत खाली येते. तो एक गोळी माझ्यावर ठेवतो आणि विचारतो, "किती गं?"

ती वाकून बघते आणि सांगते, "चाळीस."

तोवर तो दारूच्या डब्याला हात लावत नाही.