थर्टलच्या शेतातलं लोखंड

माझा नवरा मॉरिस एकोणीस वर्षं दर रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन थर्टलच्या नांगरलेल्या शेतात फिरतो. नॉरफोकच्या मातीत रोमन लोकांनी पुरलेलं सोनं आहे म्हणे. असेल. आमच्या घरात आजवर तीन नाणी, एक बक्कल आणि भरपूर चिखल आलाय.

शेतात फिरू देतो म्हणून नाताळला शेतमालकाला व्हिस्कीची बाटली द्यायची रीत आहे. यंदा मॉरिसची कंबर धरली, म्हणून बाटली घेऊन मीच गेले. थर्टलच्या कोठाराशेजारी गंजके खिळे, बोल्ट आणि फाळाचे तुकडे भरलेली पिंपं रांगेनं उभी होती.

"हे सगळं मॉरिसनं काढलेलं," थर्टल म्हणाला. "पूर्वी महिन्याला एक टायर फुटायचा ट्रॅक्टरचा. माणूस लावून वेचून घ्यायचं म्हटलं असतं तर मजुरीतच बुडालो असतो."

मी बाटली त्याच्या हातात दिली.

"मग खरं सांगा, यात पैसा आहे की हा नुसताच छंद?"

"दोन्ही आहे की," बाटलीवरचं लेबल वाचत तो म्हणाला. "छंद मॉरिसचा."