मधल्याचा वाटा

आमच्याकडे इंटरनेटची लाईन एक आणि ती ओढणारी घरं दोन. एक माझं, एक ताईचं, आणि मधे एक भिंत. लाईन माझ्याकडे येते. राउटर मी त्या भिंतीवरच्या फळीवर ठेवलाय, म्हणजे वायफाय भिंतीतून थेट ताईच्या घरात. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा. तेव्हा ही सगळी जोडाजोड मीच केली. दोन्ही घरांतली मशीनं एकमेकांना दिसतात, तिचा प्रिंटर मला चालतो, माझी कागदपत्रं तिला उघडतात. फक्त मशीनला नाव द्यावं लागतं. ताईच्या मशीनला मी नाव दिलं 'थोरली', माझ्या मशीनला 'धाकटा'.

भावंडं आम्ही दोनच. आईबाबा दोघं कामावर जायचे, त्यामुळे मला वाढवलं ते ताईनं. नाक तिनं पुसलं, कानही तिनंच पिळला. आमच्या दोघांच्या मधे कोणी नाही. हे नीट लक्षात ठेवा, ते लक्षात ठेवायला मला हल्ली कुणीतरी लागतं.

लाईन तशी बारीक. दोघांनी एकदम जोर लावला की बसलीच. म्हणून पाळ्या ठरल्या होत्या. सकाळ ताईची, कारण ती व्हिडिओवर बायकांना कपडे बेतायला शिकवते. बाकी दिवसभर ज्याला जमेल त्यानं ओढायची आणि मग भांडायचं. भांडण रोज व्हायचं. मला आवडायचं.

एकदा माझ्याकडे फुटक्या स्क्रीनचा एक लॅपटॉप आला. गिऱ्हाईक म्हणालं, याचं काय करायचं ते करा. माझा हात शिवशिवला. मी त्याला 'मधला' नाव दिलं, वायफायला जोडलं आणि कपाटात कपड्यांखाली सरकवून ठेवलं. ताईचा वर्ग ऐन रंगात असताना तिच्या प्रिंटरवर कागद सोडला: 'ताई, मलाही लाईन पाहिजे. नेहमी मलाच विसरता. तुझा मधला.'

भिंतीपलीकडे प्रिंटर घुर्र झाला. मग ताई.

"ए गाढवा! टक्कल पडलं तरी तुझी खोड जात नाही ना!"

"मी कुठे काय केलं? सही वाच की!"

मेव्हणे खिडकीच्या जाळ्यांची डिझाइनं काढतात. कमी बोलतात, पण बोलले की टाके घालावे लागतात. ते पलीकडून म्हणाले, "सासऱ्यांनी आम्हाला एकच मेव्हणा दाखवला होता. दुसरा लपवला वाटतं."

"का लपवतील?"

"तो बरा असेल."

माझी बायको इकडे पोट धरून हसत होती. झालं, मधला घरात आला. नेट अडकलं की मधल्यानं ओढलं. कात्री सापडली नाही की मधल्यानं नेली. आणि मग मीच, माझ्याच तोंडानं, म्हणालो, "अहो, भावंड आहे. त्याचा वाटा नको का काढायला?"

ताई म्हणाली, "बरोबर आहे. आमच्याकडे वाटणीत कधी दुजाभाव झाला नाही."

आणि गंमत म्हणून खरंच ठरवलं. जेवणं झाल्यापासून दुपारच्या चहापर्यंत लाईन मधल्याची. त्या वेळात कोणी हात लावायचा नाही. आम्ही चौघं मोठी माणसं, आणि चौघांनीही ते पाळलं! खेळ चढला की माणूस वेडा होतो तो असा. नवल म्हणजे त्या दिवसापासून लाईन अडकायची थांबली. सकाळ, संध्याकाळ, कधीही ओढा, पाण्यासारखी.

मेव्हणे म्हणाले, "बघा. पोटाला मिळालं की कोणी रडत नाही."

पुढे एका गिऱ्हाइकाला कीबोर्ड हवा होता. मी मधल्याला कपाटातून काढला आणि खोलला. कीबोर्ड एकाकडे गेला, मेमरी दुसऱ्याकडे, राहिलेलं धूड भंगारात. खेळ संपला, असं मी कोणाला सांगितलं नाही. सांगून मजा काय?

दुपारी सहज माझ्या मशीनवर पाहिलं. घरातली मशीनं दिसत होती. थोरली, मधला, धाकटा.

म्हटलं, असतं असं कधीकधी, नाव चिकटून राहतं. राउटर बंद केला, चालू केला. मधला गेला. मी वळलो, पाणी प्यायलो, परत पाहिलं. आला होता. राउटरचे दिवे लपलप करत होते. म्हणजे कोणीतरी लाईन ओढत होतं, आणि चांगली दाबून ओढत होतं. बायको बाहेर गेली होती. मी ताईच्या दारातून डोकावलो, तर दोघंही गाढ झोपलेली, मशीन बंद. परत येऊन राउटरवर हात ठेवला. गरम होता. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.

मला काय वाटलं सांगू? आनंद वाटला. म्हटलं, मेव्हण्यांनी डाव उलटवलाय. कुठंतरी दुसरं मशीन लपवलंय आणि त्याला मी ठेवलेलंच नाव दिलंय. एवढ्या वर्षांच्या संगतीत माणूस अखेर वाया गेला! मी त्यांच्या घरात शोधाशोध केली. पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या पेटीत. काही नाही. मेव्हणे दारात उभे राहून बघत होते.

"काय हरवलं?"

"तुमचा प्रामाणिकपणा."

"तो लग्नातच गेला," ते म्हणाले आणि जाळी काढायला बसले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हटलं, मुरलाय गडी.

त्याच संध्याकाळी ताईकडे चहाला बसलो होतो. मी जुना किस्सा काढला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी. आत्याच्या मुलाचं लग्न होतं. ताईच्या डब्यातली सुई घेऊन मी नवरदेवाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या टोकाशी शिवून टाकल्या होत्या. ऐन वेळी नवरदेव हात घालतोय, हात बाहेर येत नाही, चार जण ओढतायत. सुई ताईची निघाली म्हणून बाबांनी तिला विचारलं. ती एकदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "मीच शिवल्या." थोबाडीत तिनं खाल्ली. माझ्यासाठी कोणी काय केलं असं मला विचारलं, तर मी ती थोबाडीत दाखवीन.

ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आणि मार मी खाल्ला! काय करणार? मधला कोपऱ्यात बसून लटलट कापत होता. दया आली मला."

मी टाळीसाठी हात पुढे केला. "वा ताई! मानलं."

तिनं टाळी घेतली नाही. "काय मानलं?"

मला माझी बहीण माहीत आहे. तिला थाप मारता येत नाही. मारली की तिचा खालचा ओठ थरथरतो, मग ती नाकावर बोट ठेवते. ओठ स्थिर होता. हात कपावर होता.

"मग त्या वेळी मी कुठे होतो?" मी विचारलं.

ती विचार करायला लागली. खरंच करायला लागली. कपाळाला आठ्या घालून तिनं मला सगळीकडे शोधलं.

"तू?" ती म्हणाली. "असशील की कुठेतरी."

घरी येऊन बायकोला म्हटलं, "हा मधल्याचा खेळ आता पुरे हं. ताईला आवर म्हणावं."

"कसला खेळ?"

"तू मधल्याला कधी पाहिलंयस?"

"हे काय विचारणं? परवाच तर आले होते भाऊजी. तुम्ही गिऱ्हाइकाकडे गेला होता." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुमच्यापेक्षा शांत आहेत, बाई. बसले, पाणी प्यायले, गेले. खुर्चीसुद्धा वाजली नाही."

आता मात्र मी उठलो आणि वायफायचा पासवर्ड बदलला. असा दिला की माझा मलाच दोनदा आठवून टाकावा लागला. कागदावर लिहिला नाही, बायकोला सांगितला नाही. फक्त ताईच्या मशीनमध्ये मी स्वतः जाऊन घातला आणि तिला म्हटलं, लक्षात ठेव, कुणाला द्यायचा नाही. दुपारभर मी माझ्या मशीनसमोर बसून राहिलो. थोरली होती. धाकटा होता. मधली जागा रिकामी. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, कसा पकडला!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत होता.

मी तसाच पलीकडे गेलो. ताई झग्याचा कागदी नमुना कापत होती.

"पासवर्ड कोणाला दिलास?"

"मधल्याला."

"ताई!"

"ओरडू नकोस. बिचारा दारात येऊन उभा राहिला, लाईन येत नाही म्हणाला. चूक तुझी. त्याच्या वाट्याचं बंद कोणी केलं? तुम्हा दोघांत काय असेल ते तुम्ही मिटवा, माझ्या दारातून कोणी रिकामं जाणार नाही."

"दिसतो कसा तो?"

तिनं कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रिक्षात शेजारी बसलेला माणूस काहीतरी विचित्र बोलला की आपण बघतो ना, तसं.

"दिसायला काय," ती म्हणाली, "आपल्या घरातल्यासारखा."

त्यानंतर ताई मला शिव्या देईनाशी झाली. ज्याला मोठी बहीण आहे त्यालाच हे कळेल. आधी भिंतीतून दिवसभर चालायचं, गाढवा राउटर बघ, मेल्या आवाज कमी कर. आता मी तिच्या वर्गाच्या वेळी मुद्दाम मोठ्ठा सिनेमा लावला, लाईन ओढली, तरी काही नाही. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. ताई उभी. म्हणाली, "जरा बंद ठेवाल का? थोडाच वेळ."

ठेवाल का. मला. ताई. मी तिच्या कडेवर बसून तिच्या खांद्यावर लाळ गाळलेला माणूस.

पलीकडून मात्र शिव्या ऐकू यायच्या. दुपारी, त्याच्या वेळेत. "गाढवा, बस की नीट! एवढा घोडा झालास!" मी भिंतीला कान लावून ऐकायचो. उत्तर ऐकू यायचं नाही. ताईचं हसणं ऐकू यायचं. आणि राउटरचे दिवे लपलप, लपलप.

भाची लांब नोकरीला आहे. तिचा फोन व्हिडिओवर येतो, ताईच्या मशीनवर, आणि मग सगळे तिथं जमतात. एकदा असाच तो आला, तेव्हा बायको म्हणाली, माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा. मी गेलो. दार उघडं होतं, ऊन अजून खिडकीत होतं. ताई आणि मेव्हणे स्क्रीनपुढे बसले होते, मधे एक खुर्ची रिकामी. कोणी काही म्हणालं नाही, म्हणून मी बसलो. ठरवून गेलो होतो. भाचीला या खेळातलं काही माहीत नव्हतं, तिच्यासमोरच विचारणार होतो की बाई, तुला मामा किती? लावून टाक निकाल.

स्क्रीनवर ती आली. आईशी बोलली, बाबांची थट्टा केली. मग माझ्याकडे बघून हसली, तोंडभरून.

"मधलेमामा! आज एवढे गप्प का?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात आमचं तिघांचं छोटं चित्र होतं. मधे मीच होतो. माझंच टक्कल, माझाच शर्ट.

"अगं, मी…" मी म्हणालो आणि थांबलो. 'मी धाकटा' म्हटलं असतं, तर ताईनं पुन्हा तसंच पाहिलं असतं. रिक्षातल्यासारखं. आणि मग म्हणाली असती, 'तुम्ही जरा बाजूला बसता का?'

तेवढ्यात माझ्या टाळक्यात फटका बसला. ताईचा. ओळखीचा, बोटं पसरून मारलेला.

"बोल ना, गाढवा! पोरगी काय विचारतेय!"

किती दिवसांनी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी काय करायला हवं होतं, ते तुम्ही तुमच्या बहिणीला विचारा. मी गळा साफ केला, जरा शांत, जरा हळू आवाज लावला आणि म्हणालो, "इथेच आहे गं. मी कुठे जाणार?"

मग मी तिला कोटाचा किस्सा सांगितला. मधला होऊन सांगितला. कोपऱ्यात बसून कसा कापत होतो ते करूनसुद्धा दाखवलं. भाची हसून खाली पडायची राहिली. मेव्हणे हसले. ताईनं माझ्या पाठीवर हात फिरवला. लाईन एकदाही अडकली नाही. इतकं स्वच्छ चित्र मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

उठताना ताई म्हणाली, "उद्या ये दुपारी. आणि धाकट्याशी एकदाचं मिटव बाबा. मनानं वाईट नाहीये तो."

"मिटवतो," मी म्हणालो.

बाहेर आलो. चार पावलांवर माझं दार. किल्ली लावली, फिरेना. म्हणून बेल दाबली. आतून पावलं आली. बायकोनं दार उघडलं आणि खांद्यावरची ओढणी सारखी केली. वीस वर्षांत माझ्यासमोर कधी केली नव्हती.

"अय्या, मधले भाऊजी! या ना. हे आतच आहेत, कॉम्प्युटरवर. काहीतरी उद्योग चाललाय, मघापासून एकटेच हसतायत."

आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

आवाज माझा होता. खोडी जमली की मी जसा बोलतो, अगदी तसा, हसू दाबून.

"दारात काय उभे?" बायको म्हणाली. "बसा. पाणी आणते."

मी बाहेर चप्पल काढली आणि पाहुण्यासारखा आत जाऊन बसलो. जपून बसलो. खुर्ची वाजली नाही.