निळ्या कडीची कोंबडी

कारापूरला सुलोचनाबाईंच्या पोल्ट्रीत डॉक्टर गौरवी लस टोचायला आल्या. बर्ड फ्लूच्या सौम्य प्रकारावरची ही लस होती. सुलोचनाबाईंचा नवरा सगुण एकेक कोंबडी पिंजऱ्यातून काढून द्यायचा, त्या धरायच्या आणि डॉक्टर मानेच्या कातडीखाली सुई घालायच्या. मध्येच डॉक्टरांनी निळ्या प्लॅस्टिकच्या कड्या काढल्या आणि प्रत्येक रांगेतल्या एक-दोन कोंबड्यांच्या पायात अडकवल्या.

"यांना लस नाही द्यायची."

"का गो बाय? यांनी काय केलं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"लस घेतलेल्या कोंबडीत विषाणू शिरला तरी ती आजारी दिसेलच असं नाही. तिचं रक्त तपासलं तरी त्यातली रोगाशी लढायची ताकद लशीनं आली की रोगानं, ते या तपासणीत कळत नाही. पण या कडीवाल्यांच्या रक्तात ताकद दिसली, तर विषाणू आत आला असं समजायचं. या आपल्या पहारेकरी."

सुलोचनाबाईंना ही युक्ती फार आवडली. सगुणला मात्र ती पटली नाही. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक कोंबडी होती, तो पावाचा चुरा पुढे करायचा तेव्हा मान बाहेर काढून त्याच्या बोटांतून खायची. तिच्याही पायात कडी बसली होती.

महिन्याभरानं डॉक्टरांनी कडीवाल्यांचं रक्त नेलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सुलोचनाताई, एकीच्या रक्तात ताकद दिसते आहे. तिसरी रांग, टोकाची. मी येतेच. तोवर अंडी बाहेर पाठवू नका."

सुलोचनाबाईंनी फोन तसाच टाकला. त्या धावतच शेडमध्ये गेल्या. ती कोंबडी ऐटीत दाणे टिपत होती, तुरा लालबुंद. शेजारच्या पिंजऱ्यातली कडीवालीसुद्धा ठणठणीत. सुलोचनाबाई तिथंच थबकल्या. भीती बाजूला राहिली आणि डोक्यात प्रश्न उभा राहिला.

डॉक्टर आल्या तेव्हा त्यांनी तो लगेच विचारला. "विषाणू आला म्हणता, तर शेजारणीला कसा लागला नाही? दोघी एकाच भांड्यातलं पाणी पितात."

"मलाही तेच खटकतंय," असं म्हणत डॉक्टरांनी कोंबडीच्या मानेवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली, कातडीवर बोट फिरवलं आणि थांबल्या. "हात लावून बघा."

कातडीखाली तांदळाएवढी गाठ लागली.

"ही लस तेलातली असते, कधी कधी टोचल्या जागी अशी गाठ राहते. म्हणजे हिला कुणीतरी टोचलंय."

दोघींनी एकदमच सगुणकडे पाहिलं. तो चाऱ्याची बादली खाली ठेवून उभा होता.

"तुम्ही जेवायला बसला होतात तेव्हा," तो हळूच म्हणाला. "सिरिंज भरलेलीच होती. सगळ्यांना द्यायची आणि हिलाच मरायला ठेवायची, हे मला जमलं नाही."

"अहो, मग सांगायचं तरी!" सुलोचनाबाई कडाडल्या. "माझा जीव गेला असता आज!"

"ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. सगळ्या कडीवाल्यांचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा तपासलं. बाकी एकीतही काही निघालं नाही. अंडी पुन्हा बाहेर जाऊ लागली. त्या कोंबडीची कडी डॉक्टरांनी स्वतः कापून काढली. सगुणनं त्यांची माफी मागितली, बायकोशी मात्र दोन दिवस नजर चुकवत राहिला.

सुलोचनाबाईंचं समाधान झालं नव्हतं. "पण रक्तातली ताकद तुम्हाला दिसते तरी कशी?" त्या डॉक्टरांच्या मागेच लागल्या. शेवटी एका सकाळी त्या बसनं डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे खळग्याखळग्यांची प्लॅस्टिकची ताटली ठेवली. काही खळग्यांत गुलाबी धुकं पसरलं होतं. एका ओळीत मात्र तळाशी रक्तपेशींच्या लाल टिकल्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी ताटली तिरपी केली, तशा त्या टिकल्या अश्रूसारख्या ओघळल्या.

"यात मुद्दाम घातलेला विषाणू रक्तपेशींना एकमेकींत गुंतवतो, त्याचं हे धुकं; ताकद असली की ती त्याला अडवते आणि पेशी सुट्या तळाशी बसतात. जिथं टिकली ओघळते, तिथं ताकद आहे. ही ओळ तुमच्या तिसऱ्या रांगेतल्या कोंबडीची."

सुलोचनाबाई चष्मा कपाळावर सरकवून ताटलीवर वाकल्या.

"बाय," त्या म्हणाल्या, "परत एकदा तिरपी कर बघू."